बारावी जर्सी आणि ज्वारीचे पोते

एकदा एका बाईच्या मनात आले, की आपण रग्बी खेळावे. हसलात? हसा खुशाल. तिची जाऊही हसली होती. चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारी आणि अंगाने चांगली भरलेली अशी ही बाई. नाव प्रणिता. ज्वारीच्या बाजारामुळे ओळखल्या जाणाऱ्या एका गावात, शाळेच्या मैदानासमोर तिचे शिवणाचे दुकान होते.

त्या मैदानावर हेमांगी मॅडम नावाच्या क्रीडाशिक्षिकेने बायकांचा रग्बी संघ काढला होता. लांबट चेंडू काखेत धरून पळायचे, समोरच्या बाईने कंबरेला मिठी घालून पाडायचे, पडले की उठायचे आणि पुन्हा पळायचे, असा तो खेळ. सकाळची भाकरी-भाजी आटोपून बायका मैदानावर यायच्या आणि धुळीत लोळून घरी जायच्या. गावाने नावे ठेवली. गावाला तेवढेच काम असते.

मॅडमनी संघाच्या बारा जर्सी प्रणिताकडे शिवायला टाकल्या. प्रणिता म्हणाली, "मॅडम, मापं अकराच आलीत."

"बारावं तुझं घे," मॅडम म्हणाल्या. "रोज दारात उभी राहून आमचा सराव बघतेस. मला काय दिसत नाही होय?"

प्रणिताचे काळीज सुपाएवढे झाले. लहानपणी ती पोरांबरोबर शिवाशिवी खेळायची आणि कुणाच्या हाती लागायची नाही. मग वयात आली, तशी आईने घरात बोलावले, आणि त्यानंतर ती कधी पळालीच नाही. एवढी वर्षे कुणी तिला 'चल, पळू' म्हटले नव्हते. आज कुणीतरी म्हटले. आणि ती काय बोलली?

"येते की, मॅडम. पण आधी जरा अंग उतरवते. दम वाढवते. मग येते."

"अगं, तशीच ये. आम्ही काय जन्मतः पळत होतो?"

"नको, मॅडम. हसतील."

ही गोष्ट दिवाळीची. प्रणिताने अकरा जर्सी मापाबरहुकूम शिवल्या आणि बारावी, म्हणजे स्वतःची, चार इंच कमी ठेवून शिवली. आज आहे त्या प्रणिताला ती जर्सी होत नव्हती. उद्या जी प्रणिता होणार होती तिच्यासाठी ती शिवली होती. चांगली शिंपीण असूनही तिने हे केले. जुन्या सवयीने आत माया मात्र ठेवली, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेले जास्तीचे कापड. मग घडी घालून जर्सी कपाटात ठेवून दिली.

आता, ती आळशी होती असा समज करून घेऊ नका. तसे समजणे फार सोपे असते. प्रणिताने खरोखर कष्ट घेतले. भात सोडला, गोड सोडले, पहाटे उठून रस्त्याने झपाझप चालू लागली. संक्रांतीला पाच किलो वजन उतरले होते. मॅडमनी हाक मारली. प्रणिता म्हणाली, "पळताना धाप लागते हो, ती जाऊ द्या." पाडव्याला ती मैदानाच्या लांबीच्या चार फेऱ्या न थांबता पळू लागली, तीही मैदान रिकामे असताना. मॅडमनी पुन्हा हाक मारली. "हातात जोर नाही अजून," प्रणिता म्हणाली. आषाढात हातात जोर आला, तेव्हा तिला गुडघा आठवला. गुडघा बरा झाला तेव्हा पोट आठवले. जाऊबाई रोज विचारायच्या, "काय पैलवान, कधी उतरताय मैदानात? का बारीक झाल्यावरच?" आणि प्रणिता मान खाली घालून काज करीत बसायची. मला राग येतो तो या मान खाली घालण्याचा. जावेचा नाही.

गणपती उठले, आणि एके दिवशी मॅडम स्वतः दुकानात आल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "प्रणिता, जिल्ह्याची स्पर्धा आहे. दसऱ्याला सकाळी बारा नावं पाठवायचीत. आमच्याकडं अकरा आहेत. बारावी नसेल तर संघ घेणार नाहीत असं स्पर्धावाल्यांनी स्पष्ट कळवलंय. अकरा जणी वर्षभर शिव्या खाऊन, घाम गाळून खेळतायत. तू येणार असशील तर ये. नसशील तर तोंडानं 'नाही' म्हण, म्हणजे मी दुसरी बघते."

'नाही' हा शब्द प्रणिताच्या तोंडातून निघेना. आणि 'हो' तर मुळीच निघेना. "दसऱ्यापर्यंत तयार होते," एवढेच ती म्हणाली.

त्याच गावात गहिनीनाथ नावाचे एक वृद्ध होते. मार्केट यार्डातल्या हमालांच्या टोळीचे ते जुने मुकादम. सगळे त्यांना तात्या म्हणत. सत्तरी उलटली होती, ओझे वाहणे सुटले होते, पण रोज सकाळी यार्डातल्या मोठ्या काट्याच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि पोरांच्या पाठीकडे बघायचे. कुणाची कंबर कुठे चुकते हे त्यांना लांबून कळायचे. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन या माणसाने चाळीस वर्षे काढली, अशी त्यांची ख्याती.

प्रणिता त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "तात्या, दसऱ्यापर्यंत मला तयार करा. ताकद कमवायची आहे."

तात्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "कशापायी?"

तिने सगळे सांगितले. तात्या हसले नाहीत. ओट्याजवळ ज्वारीचे एक अर्धे भरलेले पोते होते, त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे जमिनीवरून पाठीवर घ्यायचं आन् काट्यापासून त्या दरवाज्यापर्यंत न्यायचं. एवढं तुझं तुला जमलं, की जा मैदानावर. मी आडवणार न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून प्रणिता यार्डात जाऊ लागली. बाजार आठला सुरू व्हायचा. ती साडेसहालाच यायची, म्हणजे कुणी बघायला नको. पोत्याला कवळा घालायची, दात-ओठ खायची, आणि पोते जागचे हलायचे नाही. चौथ्या दिवशी हलले. आठव्या दिवशी गुडघ्यापर्यंत आले. तात्या ओट्यावर बसून म्हणायचे, "कंबर न्हाई, मांडी वापर." बाकी अवाक्षर नाही. बाराव्या दिवशी पोते तिच्या छातीपर्यंत आले, आणि आनंदाने तिला हसू फुटले. आता दोन दिवसांचे काम, असे तिने मनाशी धरले.

तेराव्या दिवशी पोते गुडघ्याच्या वर येईना.

तिला वाटले, झोप कमी झाली असेल. चौदाव्या दिवशी वाटले, उपासाने अशक्तपणा आला असेल. तिने वारांचे उपास सोडले, जावेचे चार शब्द ऐकून घेतले, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पोते पुन्हा कंबरेपर्यंत आले, मग छातीपर्यंत आले, आणि पुन्हा रुसले. असे तीनदा झाले. विसाव्या दिवशी ती पोत्यावर डोके टेकून रडली. म्हणाली, "तात्या, माझ्यातच काही नाही. माझं शरीरच दगाबाज आहे."

तात्या तंबाखू मळत राहिले. पाहा, किती निष्ठुर माणूस! मलाही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना असेच वाटले होते.

मग आली खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी ज्याची जी हत्यारे असतील त्यांची पूजा होते. हमाल आपल्या लोखंडी हुकांना आणि काट्याला झेंडू वाहतात, शिंपिणी मशीनला. प्रणिताला घरी मशीनची पूजा मांडायची होती, म्हणून ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी यार्डात आली. आणि दरवाज्यातच थबकली.

तात्या तिच्या पोत्याचे तोंड उघडून उभे होते. शेजारी ज्वारीची रास होती. त्यांनी राशीतून एक माप भरले, पोत्यात ओतले. दुसरे भरले, तेही ओतले. मग पोत्याचे तोंड सुतळीने बांधून हात झटकले.

प्रणिताच्या अंगाची लाही लाही झाली. यार्ड धुवायला आलेले दोन हमाल झेंडूची माळ ओवत बसले होते, त्यांचेही भान तिला राहिले नाही. ती ओरडली, "तात्या! हे काय चालवलंय तुम्ही?"

"ज्वारी टाकतोय," तात्या शांतपणे म्हणाले.

"रोज टाकत होता?"

"रोज न्हाई. तुझ्या छातीला पोतं लागलं, की दुसऱ्या दिशी दोन मापं."

"मी रडत होते इथं! स्वतःच्या अंगाला शिव्या देत होते! आणि तुम्ही बसून बघत होता? तुम्हाला मला पाठवायचंच नव्हतं, असं तोंडावर सांगायचं. तुम्हीपण त्यातलेच निघालात. बाई आहे, जाड आहे, खेळतीय कशाला, असंच ना?"

तात्यांनी तिला पुरते बोलू दिले. तिचा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये घुमला, आणि माळ ओवणारे दोघे हात थांबवून बघू लागले. मग तात्या ओट्यावर बसले आणि म्हणाले:

"चिडलीस, ब्येस झालं. आता ऐक. मी पंचवीस दिवसांत चारदा ज्वारी टाकली, तर तुला एवढा राग आला. दिवाळीपासनं आजपावेतो कोण टाकत होतं? पाच किलो उतरलं, तवा धाप कुणी टाकली? धाप गेली, तवा हात कुणी टाकला? मग गुडघा, मग पोट. पोतं तुझ्या छातीला लागलं, की तूच उठून दोन मापं टाकायचीस. मी तुझीच रीत उचलली, दुसरं काय केलं? माझ्यावर ओरडलीस तशी एकदा तिच्यावर ओरड. तुझ्या आत बसलीय तिच्यावर."

प्रणिताने पदराने तोंड पुसले. पण राग गेला नव्हता. "मग पहिल्या दिवशीच सांगायचं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, बरं तात्या, आता ही सवय मोडते आन् मग जाते."

माळ ओवणाऱ्यांपैकी एक जण फिसकन हसला. आणि खरे सांगायचे तर प्रणितालाही हसू आले, पण तिने ते दाबले.

"आन् आणखी एक," तात्या म्हणाले. "चाळीस वर्सं पोती वाहिली मी. जमिनीवरनं एकट्यानं पाठीवर घेतलेलं एकबी न्हाई. कुणीच घेत न्हाई. हमाल पोत्याकडं पाठ करतो आन् वाकतो. तो वाकला, की जवळचे दोघं येतात, पोतं उचलून त्याच्या पाठीवर देतात. हाक मारावी लागत न्हाई. चालायचं मात्र ज्याचं त्यानं. एवढीच आमची विद्या. पण त्याला चार माणसांत वाकावं लागतं, पोरी. तू माणसं यायच्या आत येतीस. तुला हात देणार कोण?"

प्रणिता पोत्याकडे पाहत राहिली. गेले पंचवीस दिवस ती त्या पोत्याला समोरून कवळा घालत होती. हमालांच्या गावात जन्मून, रोज डोळ्यांदेखत पाठीवर चढणारी पोती बघूनसुद्धा तिने एकदाही त्याच्याकडे पाठ केली नव्हती.

तिने पदर कंबरेला खोचला. पोत्याकडे पाठ केली. गुडघे वाकवले, हात मांड्यांवर रोवले आणि त्या दोघा हमालांकडे डोळे वटारून बघत म्हणाली, "बघता काय? द्या की हात!"

झेंडू तसेच टाकून दोघे उठले. एकाने खालची टोके धरली, दुसऱ्याने तोंडाकडची. 'हूं' म्हणाले आणि पोते तिच्या पाठीवर आले. चारदा भर पडलेले, पुरते भरलेले पोते. तोल गेला, सावरला. "मांडी," तात्या म्हणाले. ती चालू लागली. काट्यापासून दरवाजा चाळीस पावले होता. विसाव्या पावलाला तिला धाप लागली. तिसाव्या पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती थांबली नाही. दरवाज्याशी पोहोचून तिने पोते खाली सोडले, भिंतीला टेकून भात्यासारखी श्वास घेऊ लागली, आणि त्याच धापेत बोलली, "तात्या, उद्या मी मैदानावर जाणार. पाच मिनिटांत दम लागेल. लागू दे! पहिल्याच धक्क्याला पडेन. पडू दे! कोण हसतंय ते बघतेच मी."

"बघ की," तात्या म्हणाले, आणि झेंडूची राहिलेली माळ स्वतः ओवायला घेतली.

घरी येऊन प्रणिताने मशीनची पूजा केली. मग कपाटातून बारावी जर्सी काढली, उलटी केली आणि दोन्ही बाजूंची शिवण उसवली. आत दुमडलेले कापड मोकळे केले. पूजेच्या दिवशी मशीन चालवत नाहीत, म्हणून तिने हातानेच बारीक टाका घालून नवी शिवण धरली. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. जर्सी अंगात बरोबर बसलेली पाहून त्या म्हणाल्या, "अगं बाई! झालीस वाटतं बारीक?"

"नाही," प्रणिता म्हणाली. "जर्सी रुंद केली."

दसऱ्याच्या सकाळी ती मैदानात उतरली. पुढे काय झाले ते सरळ सांगतो, उगाच रंग चढवत नाही. पहिल्या फेरीत ती सगळ्यांत मागे राहिली. तिसऱ्या फेरीत कडेला बसून तिने चहा ओकून टाकला. तोंड धुऊन परत आली, तोच एका तलाठीणबाईने तिला कंबरेला धरून आडवे केले. पाठ सणकून निघाली. आणि खाली पडल्यापडल्या प्रणिताच्या ध्यानात आले, की आपण ज्याला वर्षभर घाबरलो ते हेच, आणि ते होऊन गेले आहे. तलाठीणबाईने हात पुढे केला. प्रणिताने तो धरला आणि उठली. हसले कुणीच नाही. ज्याला त्याला आपापल्या धापेचे पडले होते.

मग मॅडमनी शिट्टी वाजवली. त्या खेळात चेंडू रेषेबाहेर गेला, की तो पुन्हा आत फेकतात आणि दोघी जणी तिसरीला उचलून उंच धरतात, म्हणजे ती हवेतल्या हवेत चेंडू झेलते. मॅडम म्हणाल्या, "वर्षभर हे आमचं जमत नाही. एका बाजूनं उचलणारी आहे, दुसऱ्या बाजूला जोराची कुणी नाही. पोरगी तिरकी होते आणि पडते. प्रणिता, इकडं ये. उभी राहा."

कॉलेजात जाणारी एक सडसडीत मुलगी दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. गुडघे वाकवले, हात वर केले आणि थांबली. तिने मागे वळून पाहिले नाही, हाकही मारली नाही. प्रणिताने तिच्या मांड्यांना हात घातला. पलीकडून तलाठीणबाईने घातला. कंबर नाही, मांडी. 'हूं', असा आवाज प्रणिताच्याच तोंडातून निघाला, आणि पोरगी सरळ वर गेली, तिरकी न होता, डोक्याच्याही वर, आणि तिने चेंडू दोन्ही हातांत धरला. बाकीच्या नऊ जणी किंचाळल्या. प्रणिताच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण हात खाली आले नाहीत.

मग मॅडम गवतावर मांडी घालून बसल्या आणि नावांचा कागद काढला. बारावी ओळ कोरी होती. "नाव झालं. वय चौतीस," त्या लिहीत म्हणाल्या, आणि जरा आवाज उतरवून, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारले, "वजन लिहावं लागतं गं. किती लिहू?"

सगळ्या गोलाकार बसल्या होत्या. रस्त्याकडेला चार बघे उभे होते. त्यांत जाऊबाईही होत्या, दसऱ्याची फुले घ्यायला आलेल्या. प्रणिता उठून उभी राहिली आणि बघ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर! लिहा, मॅडम. एक किलोसुद्धा कमी लिहू नका."

सडसडीत मुलगी चेंडू मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "ताई, आणखी दोन किलो वाढले तरी चालतील. मला अजून वर जायचंय."

कपाटात एखादी घडी घातलेली जर्सी तुमच्याही असेल, तर आज तिची शिवण उसवून बघा. आत कापड ठेवलेले असते.